तेरा नोव्हेंबरचं फोल्डर

१

तळोद्याच्या कहकशाँ फोटो स्टुडिओत सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते मेलेल्या पोरीचा फोटो मागायला.

बाईचं नाव रूपलीबाई. सातपुड्यातल्या वरच्या पाड्यावरून ती पहिल्या जीपने उतरली होती. सोबत नवरा फुलसिंग होता, पण तो आत आला नाही. बाहेर फरशीवर उकिडवा बसून रस्त्याकडे बघत राहिला. काउंटरमागे जागृती एकटीच होती. रूपलीबाई पावरीत, डोंगरातल्या बोलीत बोलली तशी तीही पावरीतच बोलायला लागली. तिचं गावही त्याच डोंगरात होतं, दोन नाले ओलांडून पलीकडे.

"दिवाळीनंतर मुकादम भाईदास आम्हाला सगळ्यांना घेऊन आला होता, जीप भरून," रूपलीबाई म्हणाली. "तेव्हा फुलीचा फोटो काढला होता इथं. तो पाहिजे."

"फुलीलाच पाठवायचं ना, काकी. पुन्हा काढला असता."

"ती गेली. गुजरातमध्ये कापसाच्या जिनिंगला होती. मशीनच्या पट्ट्यात ओढणी अडकली. बारा दिवस झाले." रूपलीबाईने हे असं सांगितलं की जणू जीप किती वाजता निघते ते सांगतेय. "घरात तिचा दुसरा फोटो नाही. होते ते भाईदासने फॉर्मवर आणि मजुरीच्या कार्डावर चिकटवले. एक घरी राहिला होता, तो ती जाताना सोबत घेऊन गेली."

जागृतीने जीभ चावली आणि पटकन रजिस्टर ओढलं. निदान हे काम तरी तिला नीट येत होतं. बारावी होऊन ऑक्टोबरात ती इथे लागली, तेव्हा दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे फोटो रद्दीसारखे पडलेले असायचे. तिने प्रत्येक दिवसाचं वेगळं फोल्डर करायला घेतलं. स्टुडिओचे मालक सलाउद्दीनचाचा आधी हसले होते, मग म्हणाले होते, "बेटा, एकतीस वर्षांत मला हे सुचलं नाही." ते वाक्य तिने घरी जाऊन आईला दोनदा ऐकवलं होतं.

रजिस्टरमध्ये नाव सापडलं. तेरा नोव्हेंबर. फुली फुलसिंग, पासपोर्ट, आठ नग.

"दोन मिनिटं, काकी." तिने कॉम्प्युटरवर नोव्हेंबर उघडला. अकरा होतं. बारा होतं. त्याच्यापुढे चौदा.

तिने वरखाली पाहिलं, कचऱ्याची टोपली उघडून पाहिली. टोपली रिकामी होती. एवढ्यात चाचा आले. काय झालं ते ऐकून त्यांनी चष्मा लावला, पडद्यावर एक नजर टाकली आणि रूपलीबाईकडे वळून म्हणाले, "पोरगी नवीन आहे, बाई. चुकून उडवलं असेल. माफ करा."

जागृतीचे कान तापले. तीन महिन्यांत चाचा तिला गिऱ्हाइकासमोर कधी बोलले नव्हते.

"उडवलं म्हणजे?" रूपलीबाईने तिला विचारलं.

पावरीत त्याला शब्द नव्हता. "सापडत नाही," जागृती म्हणाली.

"बघ अजून, पोरी. मी शुक्रवारी येते."

ती गेल्यावर जागृती बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिली. चुकून उडालं म्हणायला जागाच नव्हती. शनिवारी दुपारी बारा वाजता ते फोल्डर तिने स्वतः उघडलं होतं.

२

शनिवारी अमृत गुरुजी आले होते. त्यांनी नोव्हेंबरात काढलेले फोटो संपले होते, पुन्हा चार पाहिजे होते. तारीख तेरा. जागृतीने फोल्डर उघडलं, फोटो छापले, फोल्डर बंद केलं. रजिस्टरला नोंद होती. रविवारी तिची सुट्टी, ती घरी डोंगरात. सोमवारी सकाळी फोल्डर नाही.

म्हणजे दीड दिवसात कुणीतरी ते काढून टाकलं.

दुकानात आणखी एक हार्ड डिस्क होती. लग्नाचे फोटो जाऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी सगळ्याची नक्कल तिच्यात ठेवायची. ती डिस्क काउंटरखालच्या खणात कुलपात असायची. चाचा जेवायला घरी गेले तेव्हा खणाची किल्ली गल्ल्याजवळच होती. जागृतीने डिस्क लावून पाहिली. तिथेही अकरा, बारा, चौदा.

एका ठिकाणचं चुकून उडतं. दोन्ही ठिकाणचं तेवढंच फोल्डर कुणी चुकून उडवत नाही.

संध्याकाळी कलीम आला. चाचांचा पुतण्या. लग्नाचं शूटिंग आणि अल्बम तो करायचा, आणि स्टुडिओ आपल्याच जिवावर चाललाय असं चारचौघांत सांगायचा. खणाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे. खांद्यावरची ड्रोनची बॅग उतरवून तो खुर्चीत आडवा पडला.

"कलीमभाई, शनिवारी तुम्ही किती वाजता निघालात?"

"एक वाजता. का?"

"तुमच्यासमोर मी अमृत गुरुजींचे फोटो छापले ना?"

"छापले. गुरुजी पैसे सुटे नाहीत म्हणून डोकं खात होते." तो उठून बसला. "काय झालंय?"

तिने सांगितलं. कलीमने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यासमोर नाचवला. "बघ, ही माझ्याकडे. मी विसरवाडीला. शनिवारची हळद, रविवारचं लग्न, आज सकाळी पाठवणी. तीनशे माणूस साक्षीला आहे. एका फोल्डरसाठी साठ किलोमीटर उलटा येऊ का मी?"

"मग कोण?"

कलीमने दाराकडे पाहून आवाज खाली केला. "रविवारी दुपारी चाचाला फोन केला होता, बॅटरीचं विचारायला. मागून भाईदासचा आवाज येत होता. रविवारी आपल्या दुकानात त्याचं काय काम?"

३

भाईदासचं फॉर्म भरण्याचं दुकान समोरच्याच ओळीत होतं. दाखले, अर्ज, नोंदणी, जे सांगाल ते. त्याशिवाय पाड्यांवरून मजूर गोळा करून गुजरातेत पाठवायचं कामही तोच करी, हे सगळ्यांना माहीत होतं. मंगळवारी सकाळी जागृती गेली तेव्हा तो दोन बोटांनी झरझर कीबोर्ड बडवत होता. कॉम्प्युटर त्याला चाचांपेक्षा चांगला येत होता.

"काका, रविवारी तुम्ही आमच्या दुकानात होतात?"

"व्हतू ना. काबरं?" भाईदासने मान वर केली नाही. "चाचा नमाजले गया व्हता. मी पंधरा मिनिट बठना व्हतू दुकानवर."

"एकटेच?"

आता त्याने मान वर केली. "काय इचारस तू हाई, पोरी? चोरी व्हयनी का?"

"तेरा नोव्हेंबरचे फोटो सापडत नाहीत. तुमचीच माणसं होती त्या दिवशी, बावीस."

"मन्हं काम फॉर्म भरानं. मायबापनी वय सांगं, मी लिखं. फोटो तुमना. तो कलीम कपडा बदली देस, मी कार्डवर चिकटाडस. मन्हा काय दोष त्यामा?"

 दोषाचं जागृतीने काहीच विचारलं नव्हतं. वयाचंही नाही, कपड्यांचंही नाही. भाईदासच्या ते लक्षात आलं आणि तो एकदम कामाला लागला. "जाय, जाय, मन्हं सर्व्हर बंद पडी जाई."

हेतू होता, पंधरा मिनिटं होती, कॉम्प्युटर येत होता. जागृती रस्ता ओलांडून आली ती मनाशी निकाल लावूनच. चोर सापडला. चाचांना सांगायचं, आणि रूपलीबाईसमोर झालेला अपमान धुऊन काढायचा.

पण दुकानात चाचांसमोर एक अनोळखी बाई बसल्या होत्या. शहाद्याच्या वकील, सीमाताई. फुलीच्या आईबापांचं काम त्यांनी घेतलं होतं. त्यांनी काउंटरवर एक झेरॉक्स पसरली होती. जिनिंगच्या गेटपासची.

"वय लिहिलंय एकोणीस," सीमाताई म्हणाल्या. "मुलगी आठवीत होती. चौदा वर्षांची. जिनिंगवाले म्हणतात, आमच्याकडे कार्ड आलं, कार्डावर साडी नेसलेली बाई होती, आम्ही कामावर घेतलं. हा फोटो तुमच्याकडचा आहे का?"

चाचांनी झेरॉक्स लांब धरली, जवळ धरली. "असे हजार निघतात, मॅडम. सांगता येत नाही."

"तू बघ गं," सीमाताईंनी कागद जागृतीपुढे सरकवला.

काळपट झेरॉक्स. गोल, पोरसवदा चेहरा, ओठ मिटलेले. अंगावर काठाची साडी. डाव्या खांद्यावर पदराला लावलेली पिन तिरकी झालेली, तिचा पांढरा फराटा झेरॉक्सवरही उठून दिसत होता.

ती पिन जागृतीने स्वतःच्या हाताने लावली होती. साडी तिची होती. खांदे तिचे होते. मान तेवढी फुलीची. गळ्याखाली सगळी जागृती होती.

४

 "नाही आठवत," असं पुटपुटून जागृती आतल्या खोलीत गेली आणि दिव्यांच्या छत्र्यांमागे उभी राहिली. सीमाताई जाताना कार्ड ठेवून गेल्याचं तिला ऐकू आलं.

स्टुडिओत लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात चाचांनी तिला कपडे बदलायला शिकवलं होतं. नोकरीच्या अर्जाला पोरांना कोट-टाय लागतो, तो असतो कुणाकडे? कॉम्प्युटरवर तयार कोट ठेवलेले असतात. माणसाची मान घ्यायची, कोटावर बसवायची, कडा मऊ करायच्या, उजेड जुळवायचा. बायांसाठी तशाच साड्या. पण त्या साड्या इंटरनेटवरून घेतलेल्या, शहरी, चकचकीत. डोंगरातल्या बाईचा चेहरा त्यांच्यावर उपरा दिसायचा. जागृतीनेच सुचवलं होतं. बारावीच्या निरोप समारंभाला आईने घेतलेली जांभळी साडी ती घेऊन आली, नेसली, चाचांनी फोटो काढला, आणि तिने स्वतःचं डोकं कापून उरलेला फोटो साड्यांच्या फोल्डरमध्ये ठेवला. चाचा खूश झाले होते. त्यानंतर पंधरा दिवस तिने सराव म्हणून किती बायांना ती साडी नेसवली असेल, याचा तिला पत्ता नव्हता. चाचा फोटो द्यायचे, ती साडी चढवायची. 'जागृती सराव' नावाच्या फोल्डरमध्ये सगळं पडलेलं असायचं.

फुलीचा चेहरा तिला आठवत नव्हता. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. त्या दिवशी बावीस जणांच्या रांगेत ती पोर उभी असणार, जागृतीने तिला "पुढे सरक" म्हटलं असणार.

दुपारी चाचा जेवायला गेले तेव्हा तिने साड्यांचं फोल्डर उघडलं. हिरवी होती, लाल होती, शहरी साड्या सगळ्या जागच्या जागी. जांभळी नव्हती. मग तिने 'जागृती सराव' शोधलं. तेही नव्हतं. पूर्ण फोल्डरच गेलं होतं. हार्ड डिस्कवरूनही.

ती मागे टेकून बसली. सकाळी लावलेला निकाल तिच्या डोक्यात हळूहळू उलटा फिरायला लागला.

चोराने फुलीचा फोटो नेला, हे समजण्यासारखं होतं. पण मग जांभळी साडी कशाला? जागृतीचा सराव कशाला? भाईदासला स्वतःची कातडी वाचवायची असती तर त्याने तेवढंच मागे ठेवलं असतं. उद्या कुणी आलं की बोट दाखवायला, ही बघा, हिने केलं. आणि त्याहून साधी गोष्ट. भाईदास सकाळी काय म्हणाला? तो कलीम कपडा बदली देस. त्याला अजून माहीतच नव्हतं की हे काम जागृतीकडे आलंय.

कलीमला माहीत होतं. पण कलीम तीनशे माणसांत विसरवाडीला होता.

जागृतीने हार्ड डिस्क पुन्हा खणात ठेवून कुलूप लावलं. बाहेर जानेवारीचं ऊन पडलेलं होतं.

५

चाचा जेवून, नमाज पढून आले. टोपी घडी करून खिशात ठेवली, लेन्सचं फडकं शोधायला लागले.

"चाचा, फोल्डर तुम्ही उडवलं."

फडकं सापडलं. त्यांनी लेन्स पुसायला घेतली. "कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. ज्याने उडवलं त्याने फुलीबरोबर माझंही नाव पुसलं. साडी पुसली, सराव पुसला. माझी साडी कुठली हे दुकानात दोघांनाच माहीत. एक कलीमभाई, ते गावाला होते. दुसरे तुम्ही."

चाचांनी लेन्स खाली ठेवली. ते स्टुलावर बसले तेव्हा साठीचा माणूस एकदम सत्तरीचा दिसला.

"भाईदास रविवारी ती खबर घेऊन आला," ते म्हणाले. "पोरगी गेली, वकील लागलेत, चौकशी येणार. मी नमाजला गेलो, पण नमाजमध्ये लक्ष लागेना. परत आलो, त्याला घालवलं आणि सगळं साफ केलं. तुझ्यासाठी, बेटा. तू धांदरट ठरलीस तर चार लोक हसतील आणि विसरतील. दुसरं काही ठरलीस तर कोर्टाच्या पायऱ्या. तुझ्या वयाच्या पोरीला?"

जागृतीचा राग क्षणभर विरघळला. हा माणूस तिला कॅमेरा हातात धरायला शिकवणारा. तिने पहिला फोटो हलवला तेव्हा "श्वास सोडून बटण दाब" म्हणणारा. त्याने तिला वाचवलं होतं, हे खरंच होतं.

मग तिला एक आठवलं.

"चाचा, तुम्ही मला रोज पूर्ण फोटो द्यायचे. मान मीच कापायची. त्याशिवाय शिकणार कशी, म्हणायचात. एकदाच तुम्ही मान कापून दिलीत. 'आज गर्दी आहे, तुला सोपं जाईल' म्हणालात. ती फुली होती?"

चाचांनी चष्मा काढला.

"मानेखाली काय होतं?"

"गणवेश," चाचा म्हणाले. "शाळेचा. दोन लाल रिबिनी होत्या, त्या पण मी कापल्या."

बाहेर कुठल्या तरी जीपचा कंडक्टर डोंगरातल्या गावांची नावं ओरडत होता. 

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं."

"भाईदास म्हणाला, आईबाप राजी आहेत. एकतीस वर्षं मी लोकांना कोट चढवतोय, बेटा. ज्याच्या अंगात धड सदरा नाही त्याला कोट. कुणाचं वाईट नाही झालं. मी म्हटलं, हे पण तसंच."

"तसंच होतं तर तुम्हीच का नाही केलं? मला का दिलं?"

चाचांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"माझा हात चालेना," ते म्हणाले.

६

कलीमची बढाई त्या संध्याकाळी कामाला आली. "गेलेलं काढता येतं," तो नेहमी सांगायचा, "लोकांची पुसलेली कार्डं मी जिवंत केलीत." जागृतीने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी कानावर हात ठेवले. चाचा त्याच्या बापाच्या जागी होते. तासाभराने त्याचा फोन आला.

"नमिरा आठवीत आहे," एवढंच तो म्हणाला. नमिरा त्याची धाकटी बहीण. "डिस्क घेऊन ये."

खण त्यानेच उघडून दिला. त्याच्या घरी, लॅपटॉपला डिस्क लावून ते बसले. कलीमच्या आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला. दोन तासांनी एकेक चौकट उगवायला लागली. अमृत गुरुजी. पाड्यावरची माणसं, एकामागून एक, एकसारखी घाबरलेली. आणि मग ती.

गणवेश धुऊन धुऊन फिका पडलेला, एक बटण दुसऱ्या रंगाचं. बाजारात जायचं म्हणून अंगावर चढवलेला तिचा एकुलता धड कपडा. लाल रिबिनी. कॅमेऱ्याकडे बघून ती हसायच्या बेतात होती, आणि कुणीतरी "हसू नको" म्हटल्यावर ओठ मिटलेले. पुढची चौकट कापलेल्या मानेची. त्यापुढची जांभळ्या साडीची.

"ही साडीवाली मी पुसून टाकतो," कलीम म्हणाला. "गणवेशाची वकिलीणबाईंना दे. तुझं नाव येणार नाही."

"मग कार्डावरचा फोटो आला कुठून, हे कोण सांगेल?"

"त्याचं तुला काय?"

"राहू दे ती."

बुधवारी सकाळी ती सीमाताईंबरोबर पोलिसांत गेली. हवालदार करणसिंग यांनी तिचा जबाब लिहून घेतला आणि लिहिता लिहिता पेन थांबवलं. "बाई, एकदा विचार कर. साडी माझी, जोडकाम माझं, असं तू स्वतः सांगतेस. हे आधी तुझ्यावर येईल."

"लिहा," जागृती म्हणाली. 

आणि तसंच झालं. चाचांनी नाकारलं नाही. बोलावलं तेव्हा गेले, फोटो मीच काढला, मान मीच कापली, पोरीला काही माहीत नव्हतं, असं सांगून आले. तरी कागदावर नावं दोन राहिली, सलाउद्दीन आणि जागृती. भाईदासने फॉर्म पुढे केला. त्यावर एकोणीस वर्षं लिहिलेलं, आणि खाली फुलसिंगचा अंगठा. मायबापनी सांगं, मी लिखं. तो महिन्याभरात आपल्या दुकानात परत बसला. जिनिंगवाल्यांनी कार्ड दाखवलं आणि हात झटकले. सीमाताई म्हणाल्या, लढू. त्या म्हणाल्या म्हणून जागृतीनेही मान हलवली.

कहकशाँ स्टुडिओचं शटर खाली आलं. कलीमने पुरुषोत्तमनगरला एक गाळा घेतला. तो जागृतीला ये म्हणाला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. शहाद्यातल्या दोन स्टुडिओंत ती जाऊन आली. एकाने नाव ऐकताच नाही म्हटलं. दुसऱ्याने नाव ऐकलंच नव्हतं; त्याने तिला कॅमेरा हातात देऊन पाहिला, काम आवडलं, उद्यापासून ये म्हणाला. रात्री त्याचा निरोप आला, येऊ नको.

घरी तिचा भाऊ भरत अंगणात बसून होता. भाईदासची जीप यंदा त्यांच्या पाड्यावर थांबली नव्हती. मजुरी हवी तर दुसरा मुकादम शोधा, असा निरोप होता. पंधरा घरं बसून होती. तिला कुणी तोंडावर काही बोललं नाही. विहिरीवर ती आली की बाया घडे उचलून निघायच्या, एवढंच.

७

रूपलीबाई ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आली होती, पण तोवर शटर बंद होतं. तिची गाठ पडायला फेब्रुवारी उजाडला, सीमाताईंच्या ऑफिसात. जागृतीने तिच्यासाठी गणवेशातला फोटो मोठा करून चौकटीत बसवून आणला होता. फिका पडलेला निळा रंग तिने तसाच ठेवला होता. कुठेही हात लावला नव्हता.

रूपलीबाईने चौकट मांडीवर घेतली. पदराने काच पुसली. बराच वेळ पाहत राहिली. दाराशी फुलसिंग उभा होता. त्याने एकदा वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हा नको," रूपलीबाई म्हणाली.

जागृतीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "ही फुलीच आहे, काकी. हाच खरा फोटो."

"आहे ना. पण तिचा साडीतला फोटो होता. तो दे. मी तोच मागायला आले होते."

"ती साडी तिची नव्हती." जागृतीने हे सांगायची कितीदा तरी तयारी केली होती, तरी शब्द तुटक आले. "ती खोटी आहे. मी चिकटवली. त्याच्यामुळेच..."

"माहीत आहे," रूपलीबाई म्हणाली. "फोटो घरी आले तेव्हा आम्ही सगळे हसलो. मी पण. ती तर किती हसली. चार रात्री तो उशाखाली घेऊन झोपली. म्हणायची, आई, बघ, मोठी झाल्यावर मी अशी दिसणार." तिने मांडीवरची चौकट उलटी करून टेबलावर ठेवली. "मी तिला म्हटलं, मग जाऊन ये, पैसे आण, खरी साडी घेऊ. मीच म्हटलं."

सीमाताई उठून खिडकीशी गेल्या. फुलसिंग पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला.

साडीतला फोटो कलीमच्या लॅपटॉपमध्ये होता. जागृतीने त्याला फोन केला. त्याने काही न विचारता फाइल पाठवली. शेजारच्या दुकानात तिने मोठा फोटो छापून घेतला, त्याच फ्रेमच्या मापाचा. गणवेशातला फोटो काढून त्याच्या जागी हा बसवताना चारही खिळे पुन्हा ठोकावे लागले. दुकानदार म्हणाला, पोरगी चांगली दिसते, कोण तुझी? जागृतीने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली.

जीप सुटायच्या वेळेला ती स्टँडवर पोचली. रूपलीबाईने वर्तमानपत्र उलगडून पाहिलं, आणि तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. तिने काचेवरून बोट फिरवलं, कपाळावरून, गालावरून, मानेपर्यंत. तिथे बोट थांबलं.

"साडी कुणाची गं ही?"

"माझी."

"आणि आतलं अंग?"

"माझंच, काकी."

रूपलीबाईने तिच्याकडे पाहिलं. पायापासून खांद्यापर्यंत, सावकाश, जणू कुणी आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलंय. खांद्यांच्या वर तिने पाहिलं नाही. मग फोटो छातीशी धरून ती जीपमध्ये चढली आणि जागृतीला हात देत फुलसिंगला म्हणाली, सरक, हिला मध्ये बसू दे.